लाल खडूखाली सही

आमच्या घरात बाबांनी पास केल्याशिवाय काही चालत नसे, आणि हे मी चेष्टेनं सांगत नाही. जबलपुरात तोफांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका फॅक्टरीत बाबा तपासणीला होते. तयार झालेला नग गेजमध्ये, म्हणजे ठरलेल्या मापाच्या साच्यात, घालून पाहायचा, बरोबर बसला तर पांढऱ्या खडूची खूण, नाही तर लाल फुली. फॅक्टरी सुटली तरी ते दोन खडू त्यांच्या शर्टाच्या खिशातच राहायचे. नवी बादली आणली की पाणी भरून ओट्यावर ठेवायची, तासाभरानं बुडाखाली हात फिरवायचा, कोरडं लागलं तर पांढरी खूण. सुतारानं बसवलेल्या बिजागरीवर खूण, सायकलच्या नव्या ब्रेकवर खूण. माझ्या पाचवीच्या खाकी प्रगतिपुस्तकात भाषेसमोर पांढरी होती आणि गणितासमोर लाल. आई म्हणायची, "एक दिवस माझ्या कपाळावर काढतील हे."

बाबांना अभिमान एकाच गोष्टीचा होता. तपासणीची माणसं फॅक्टरीतच बसायची, तिथलाच चहा प्यायची, पण फॅक्टरीच्या मोठ्या साहेबाच्या हाताखाली नव्हती. त्यांचा वरचा अधिकारी वेगळा, बढती-बदलीचा कागद वेगळ्या टेबलावरून निघायचा. बाबा जेवताना घास हातात धरून सांगायचे, "ज्यानं बनवलं त्यानं पास नाही करायचं. बनवणारा कितीही चांगला कारागीर असो, त्याला आपला नग चांगलाच दिसते. आईला आपलं पोरगं दिसते ना, तसं."

"मला तर माझं पोरगं काही चांगलं दिसून नाही राहिलं," आई माझ्याकडे बघून म्हणायची. "भात टाकून उठते रोज."

मी एकुलती. घरात बाबा, आई, मी आणि बाबांची थोरली विधवा बहीण, म्हणजे माझी आत्या. महाराजपुरात दोन खोल्या, पुढे पडवी, मागे पेरूचं झाड. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि ते वर्ष होतं बांगलादेशच्या लढाईचं.

त्या हिवाळ्यात सगळं जबलपूर फॅक्टरीच्या भोंग्यावर जगत होतं. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, कॉलेजच्या मैदानात खंदक खणलेले, आणि त्या खंदकात बसून आम्ही पोरी शेंगदाणे खायचो. बाबांची पाळी बारा-बारा तासांची झाली. सुट्ट्या बंद. एका रात्री जेवायला बसले, पान पुढ्यात ओढलं. मग म्हणाले, "आज मोठा साहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभा झाला."

झालं असं होतं. एक लॉट तयार होता, तो त्याच दिवशी गाडीत चढवायचा होता, आणि बाबांच्या टेबलावर अजून अर्धा तपासायचा होता. साहेब म्हणाला, सीमेवर जवान वाट बघताहेत, खूण करून टाका, मालाची हमी मी घेतो. बाबा म्हणाले, तपासून जाईल. साहेब म्हणाला, अरे, चांगलाच असेल माल, माझे कारागीर मला माहीत आहेत. बाबा म्हणाले, "असेल चांगला, साहेब. पण माझ्या गेजमधून निघाल्याशिवाय तो चांगला नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? उभा राहिला तो, मी तपासत राहिलो. निघाला सगळा चांगला. एक नग वाया नाही."

"मग काहून अडवला एवढा वेळ?" आत्या म्हणाली. "तो बिचारा बरोबरच तर बोलून राहिला होता."

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं देवळातच चप्पल घातली होती. "ताई, तो बरोबर होता हे मला तपासल्यावर कळलं ना?"

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मी हीच त्यांच्या अंगावर परतवली.

आता माझं सांगते. आमच्या शेवटच्या वर्षाला एक अख्खा पेपर अमेरिकेच्या राज्यघटनेचा होता. आणि वर्ष कोणतं, तर ज्या वर्षी त्या अमेरिकेनं आपल्या बाजूच्या समुद्रात लढाऊ जहाजं पाठवली! मी महाराजपुराहून सायकलनं राइट टाउनच्या बाजूला कॉलेजात जायची, कॅरियरला ते जाड पुस्तक, आणि त्याच्यावर ठळक अक्षरांत 'अमरीका'. चौकात उभी असलेली टवाळ पोरं ओरडायची, "ए दीदी, दुश्मन की किताब लेके कहाँ चली?" एकदा एकानं पुस्तक ओढायला हात घातला, तेव्हा मी सायकल तिथंच आडवी टाकली आणि त्याला म्हटलं, "भैया, पढ़ लो पहले, फिर जलाना. पढ़ना आता है ना?" पोरं त्याच्यावरच हसली. मी सायकल उचलली आणि पुढच्या वळणापर्यंत मागे पाहिलं नाही.

घरी आत्या. "त्यांनी आपल्यावर जहाजं धाडली आणि ही त्यांचे कायदे घोकून राहिली. लाज नाही वाटत?"

"नाही वाटत!" मी म्हणायची. "आणि जहाजं धाडली ती एका माणसानं. लढाई जाहीर करायचा हक्क तर त्याला नाहीच, तो तिथल्या संसदेला. त्यांच्याच कागदात लिहिलंय. वाचून दाखवू?"

"नको बाई, माझी माळ राहिली," म्हणत आत्या उठायची.

आम्हाला शिकवायच्या त्या मॅडम बारीक, उंच, सदा सर्दी झालेल्या. त्या हिवाळ्यात एक दिवस त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. नाक पुसलं आणि विचारलं, "राजा बुरा हो तो उसे रोकना चाहिए. ठीक. पर राजा अच्छा हो तो? तब भी?"

 कोणी म्हणालं, चांगला असेल तर कशाला अडवायचं. मॅडम म्हणाल्या, ज्यांनी ही घटना लिहिली त्यांचं म्हणणं होतं, तब भी. म्हणून त्यांनी सत्ता तीन ठिकाणी वाटून टाकली. कायदा करणार संसद, तिची पुन्हा दोन सभागृहं. एकात माणसांच्या संख्येप्रमाणे सभासद, दुसऱ्यात प्रत्येक राज्याचे दोनच, मग राज्य इटुकलं असो की अवाढव्य. अंमल करणार प्रेसिडेंट. तो कायदा परत पाठवू शकतो, पण दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश लोक अडून बसले तर त्याचं काही चालत नाही. आणि न्यायाधीश प्रेसिडेंट सुचवणार, वरचं सभागृह मान्य करणार, पण एकदा बसला की वागणूक नीट आहे तोवर त्याला कोणी हलवायचं नाही, पगारही कमी करायचा नाही.

मी बसल्या जागी उभी राहिले. "मॅडम, ये तो मेरे बाबा की फॅक्टरी है!"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, सांग. मी सांगितलं. बनवणारा वेगळा, तपासणारा वेगळा, तपासणाऱ्याच्या बढतीची दोरी बनवणाऱ्याच्या हातात नाही. आणि साहेब टेबलापाशी येऊन उभा राहिला ते. मॅडमनी सर्दीचा रुमाल खाली ठेवला आणि म्हणाल्या, "घर जाकर पिताजी से पूछना, गेज कौन जाँचता है."

मी विचारलं. बाबा एकदम खुशीत आले. एवढी वर्षं त्यांच्या नोकरीबद्दल घरात कोणी धड एक प्रश्न विचारला नव्हता. पडवीत बसून त्यांनी मला तासभर सांगितलं की गेजसुद्धा झिजते, म्हणून ठरलेल्या मुदतीनं तो वेगळ्या खोलीत तपासायला जाते, आणि तो दुरुस्त करणं सोपं ठेवलेलं नाही, नाही तर उद्या कोणीही उठेल आणि आपल्या नगाच्या मापाचा गेज घासून आणेल. मी म्हटलं, तिथंही असंच आहे. घटना बदलायची तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि वर राज्यांपैकी तीन-चतुर्थांश. बाबा म्हणाले, "अच्छा! हुशार लोक दिसतात." त्या दिवसापासून ते रोज विचारायला लागले, आज काय शिकवलं तुझ्या अमेरिकेत?

मग एक दिवस मी भडकूनच घरी आले. पुस्तक खाटेवर आपटलं. त्या सुंदर कागदाची सुरुवात आहे 'आम्ही लोक' अशी, आपल्याही घटनेची तशीच आहे. आणि पुढे वाचलं तर काय, गुलामांची मोजदाद एका माणसाला तीन-पंचमांश धरून! आणि बायका? बायकांना मताचा हक्क मिळायला पुढे सव्वाशेच्या वर वर्षं लागली. खाली एकोणचाळीस सह्या, एकही बाईची नाही. "बाबा, तुमचा गेज सुरुवातीपासूनच खोटा होता! फेकून द्यायला पाहिजे असा कागद."

बाबांनी विचार केला. "खोटा गेज फेकत नाही. तो दुरुस्तीला पाठवतात. पण कोणीतरी आधी म्हणायला पाहिजे की हा खोटा आहे म्हणून."

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "मग त्या बायकांनी सह्या केल्या का, मागून तरी?"

"सह्या नाही गं, मत द्यायचा हक्क मिळाला."

"हं," आई म्हणाली, आणि भाकरी उलटली.

एवढं सगळं समजणारा माझा बाप. त्यानं माझं काय केलं ते आता ऐका.

लढाई संपली, तरी फॅक्टरीची घाई संपली नव्हती. त्या बारा-बारा तासांत बाबांची एका माणसाशी गाढ दोस्ती झाली होती. टूलरूममध्ये कारागिरांची अवजारं बनवणारा, आपल्यातलाच, मूळचा नागपूरकडचा, गोहलपुरात बिऱ्हाड. दोघं डबा एकत्र खायचे. बाबा घरी येऊन त्याचं कौतुक सांगायचे: हात काय आहे त्याचा, बोलणं कमी, विडी नाही, काडी नाही. आम्हीही ऐकायचो, ऐकायला काय जातं? फेब्रुवारीत एका सकाळी मी कॅलेंडरच्या मागे वीजबिल शोधत होते आणि तिथं एक पत्र सापडलं. टूलरूमवाल्याचा धाकटा भाऊ, नागपुरात सरकारी कचेरीत. शिक्षण, गोत्र, उंची सगळं लिहिलेलं; अपेक्षा काही नाहीत. खाली लग्नाची तारीख. आणि निळ्या कागदाच्या कोपऱ्यात पांढऱ्या खडूची खूण.

ती तारीख माझ्या परीक्षेच्या ऐन मध्यात होती. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचा पेपर.

मी पत्र घेऊन स्वयंपाकघरात गेले. आईचा चेहरा पाहिला आणि कळलं की हिला माहीत आहे.

"मला काहून नाही सांगितलं?"

"मलाच परवा कळलं," आई म्हणाली. "पांढरी खूण झाल्यावर."

संध्याकाळी बाबा आले. मी चहासुद्धा होऊ दिला नाही. म्हटलं, "ही तारीख बदला."

"नाही बदलत. मोठ्या भावाला तेवढ्याच दिवसांची सुट्टी मंजूर झाली. सुट्ट्या कशा मिळून राहिल्या आहेत, तुला माहीत नाही? परीक्षा काय, पुढच्या वर्षी दे."

"पुढच्या वर्षी कुठून? नागपुरातून? कोणत्या नावानं?"

हे मी उगीच नाही म्हटलं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायचे. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायचा आणि त्या घडीपासून जुनं नाव मोडीत. आईचंही बाबांनी बदललं होतं. परीक्षेचा फॉर्म मी माझ्या नावानं भरला होता. एम.ए. करायचं होतं, मॅडमसारखं वर्गात उभं राहून 'राजा अच्छा हो तो?' असं विचारायचं होतं. ती परीक्षा सुटली की सगळंच सुटलं, हे मला पुरतं ठाऊक होतं. आमच्या गल्लीत 'पुढच्या वर्षी देईन' म्हणून गेलेल्या तीन पोरी होत्या. तिघींची पुस्तकं रद्दीत गेली होती, एकीची तर मीच विकत घेतली होती.

"घर चांगलं आहे," बाबा म्हणाले. "मुलगा चांगला आहे. ठरलं ते ठरलं."

"तुम्ही पाहिला मुलगा?"

बाबांनी चप्पल काढून कोपऱ्यात सारली. "भाऊ पाहिला ना."

"मुलगा, बाबा. मुलगा पाहिला?"

"एकाच घरातले आहेत. एकाच आईचे. असा भाऊ असलेला माणूस वाईट कसा निघेल?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फॅक्टरीत स्क्रू आणि पिना असतात ना, हजारोंनी, त्या एकेक नाही तपासत. लॉटमधून मूठभर उचलतात, ते निघाले चांगले की अख्खा लॉट पास. बाबांनी तेच केलं होतं! एक भाऊ डबा खाता खाता तपासला आणि दुसरा न बघता पास! दुसऱ्या कोणाच्या बापानं पत्रिका पाहिली असती, पगार विचारला असता, शेजाऱ्यांकडे चौकशी केली असती. आमच्या बापानं सॅम्पल घेतलं.

मी त्यांच्या खिशात हात घातला. आयुष्यात पहिल्यांदा. लाल खडू काढला, पत्र पडवीच्या फरशीवर ठेवलं आणि पांढऱ्या खुणेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारली. खडू मोडला, एवढ्या जोरात.

"अगं बाई!" आत्या ओरडली.

बाबा उठून उभे राहिले. मला त्यांनी कधी हात लावला नव्हता, त्या दिवशी लावतील असं वाटलं. आवाज चढला होता. "लाल खडू कोणाच्याही हातात देण्याची वस्तू नाही. समजलं? तपासनीसाशिवाय कोणी फुली नाही मारायची."

"मग या घरात तपासनीस कोण आहे, ते सांगा! स्थळ शोधलं तुम्ही. तपासलं तुम्ही. खूण केली तुम्ही. बनवणारे तुम्हीच, पास करणारे तुम्हीच! फॅक्टरीत चाललं असतं? चाललं असतं का, बाबा? मोठ्या साहेबाला तुम्ही टेबलापाशी ताटकळत उभं ठेवलं आणि घरी येऊन स्वतःच मोठे साहेब झाले! आणि तपासलं तरी कुठं? मी काय पिनांचा लॉट आहे, एक चांगली निघाली की सगळी पेटी रवाना?"

आत्या म्हणाली, "पोरीची जीभ बघा! ही त्या पुस्तकाची करामत."

"हो, पुस्तकाची! आणि तुमच्या भावाची. यांनीच शिकवलं."

बाबांनी खडूचे तुकडे उचलले. चप्पल घातली आणि निघून गेले. परत आले ते जेवले नाहीत. आईनं ताट झाकून ठेवलं. चार दिवस घरात भांड्यांचाच आवाज. मी पुस्तक घेऊन पडवीत बसायची, एक अक्षर शिरत नव्हतं डोक्यात, पण उठायची नाही. मला वाटायचं, मी इथून उठले की हे समजतील मी हरले.

पाचव्या दिवशी बाबांनी बॅग भरली. दोन दिवसांची सुट्टी मिळवायला ते स्वतःच्या अधिकाऱ्यापुढे काय बोलले असतील देव जाणे. कुठे चालले ते सांगितलं नाही. दोन दिवसांनी दुपारी परत आले, पाय धुतले, आणि आम्हा तिघींना पडवीत बोलावलं.

"नागपूरला जाऊन आलो," ते म्हणाले. "मुलगा पाहिला. त्याच्या कचेरीत गेलो, खोलीवर गेलो, त्याच्या घरमालकीणबाईंशी बोललो. ती म्हणे, स्वतःचं ताट स्वतः घासतो. चहा त्यानंच केला. मी चार तास बसलो, फिरवून-फिरवून विचारलं." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "चांगला आहे मुलगा. खरंच चांगला आहे. एक खोट सापडली नाही."

आत्या म्हणाली, "झालं की मग! मी काय म्हणत होते?"

आणि बाबांच्या चेहऱ्यावर, काय सांगू, जिंकल्याचा आनंद नव्हता. ते माझ्याकडे बघत होते, टेबलावरचा नग बघावा तसे. मी काय म्हणते ते बघत होते.

मला रडू येत होतं. खोटं कशाला सांगू? मुलगा वाईट निघाला असता तर किती सोपं झालं असतं! दारू पिणारा, खोटं बोलणारा, काहीही. आता माझ्या हातात काही उरलं नव्हतं. एक चांगला मुलगा, चांगलं घर, दोन दिवस प्रवास करून थकून आलेला बाप. आणि मला मॅडमचा तो सर्दी झालेला आवाज आठवला. तब भी?

"असेल चांगला, बाबा," मी म्हटलं. "पण माझ्या गेजमधून निघाल्याशिवाय तो चांगला नाही. आणि मी आत्ता तपासायला बसणार नाही. माझी परीक्षा आहे."

आपलेच शब्द त्यांनी ओळखले. डोळे मिटून घेतले. आत्या काहीतरी बोलायला लागली तर हातानंच तिला थांबवलं.

"म्हणजे नाही म्हणते तू."

"नाही म्हणते."

"टूलरूममध्ये रोज त्याच्यासमोर उभं राहायचं मला आहे, ते माहीत आहे?"

"माहीत आहे."

"तो डबा खाणार नाही माझ्यासोबत."

"नाही खाणार."

बाबा उठले. मग आत गेले, पत्र घेऊन आले. तेच पत्र, लाल फुलीचं. सोबत दौत आणि टाक, फॅक्टरीच्या कागदांवर सही करायला वापरायचे तो. पत्र माझ्यासमोर फरशीवर ठेवलं.

"बिना सहीची फुली आम्ही मानत नाही," ते म्हणाले. "कोणीही रागाच्या भरात खडू ओढेल. ज्यानं नापास केलं त्यानं खाली नाव लिहायचं, म्हणजे उद्या काही झालं तर विचारायचं कोणाला ते कळते. जन्मभर विचारतील लोक. मीही विचारेन. कर सही."

खडू मारणं सोपं होतं. राग होता हातात. हा टाक मात्र जड झाला. मला वाटलं, मी चुकले तर? हाच मुलगा चांगला होता, पुढे दुसरा तसा भेटलाच नाही तर? त्या क्षणी 'तुम्हीच ठरवा' म्हणून मोकळं व्हावं असं वाटलं, अगदी खरं सांगते. मग मी फुलीच्या खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, परीक्षेच्या फॉर्मवर लिहिलं होतं तेच, आणि पुढे तारीख.

बाबांनी शाई वाळायला कागद हातात धरला. वाचला. घडी घालणार एवढ्यात आई म्हणाली, "थांबा."

आईनं पदराला हात पुसले. फरशीवर माझ्या शेजारी येऊन बसली. "इकडे द्या तो."

"तू काहून?" बाबा म्हणाले. "तिची झाली ना सही."

"माझी राहिली," आई म्हणाली. "मला कोणी विचारलंच नव्हतं. ना तेव्हा, ना आता."

तिनं टाक घेतला. आई रेशनच्या कागदाशिवाय कुठं सही करत नसे, तीही अडखळत. त्या दिवशी सावकाश, एकेक अक्षर गिरवल्यासारखं तिनं लिहिलं, आणि कागद बाबांकडे सरकवला. बाबा वाचायला लागले आणि मध्येच थांबले. तिथं बाबांचं नाव नव्हतं, आडनावही आमचं नव्हतं. पहिलं नावसुद्धा या घरात कोणी कधी घेतलेलं नव्हतं, मी तर ऐकलंच नव्हतं.

"हे कोण?" बाबांनी विचारलं.

"मी," आई म्हणाली. "तुम्ही तांदळात दुसरं लिहिलं, त्याच्या आधीची."

आत्याची माळ थांबली. बाबांनी ते नाव पुन्हा वाचलं, ओठ हलवून, पण आवाज न करता. मग कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली, खडूंच्या सोबत. "उद्या टूलरूममध्ये जाऊन सांगतो," ते म्हणाले, आणि मला म्हणाले, "तू पुस्तक घे. पेपर कधी आहे तुझ्या अमेरिकेचा?"